साठ अंशांचं भांडण

प्रिय बंड्या,

आठ महिने पत्र नाही की फोन नाही. शिव्या साठवून ठेव, भेटल्यावर एकदम घाल. इकडे सगळे ठीक. माझं बीपी होतं तिथेच आहे. लिहायला बसलो त्याचं कारण तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही.

तू बरोबर होतास. निम्माच.

नववीतला शेवटचा बाक आठव. साठ अंशांच्या अक्षवृत्ताचा परीघ विषुववृत्ताच्या किती? तू म्हणालास निम्मा. मी म्हणालो एक तृतीयांश. नव्वदातले साठ गेले, राहिले तीस. मी ओरडलो, तू पुटपुटलास, पम्याने माझ्या बाजूने कौल दिला (त्याला माझी वही उतरवायची होती!) आणि तू आपलं उत्तर खोडलंस.

परवा मनू नेमका हाच प्रश्न घेऊन आली. मी पेपरातून डोकंही वर न काढता ‘एक तृतीयांश’ म्हणून मोकळा. तिने फुटबॉलला दोरा बांधला. मधोमध 66 सेंटीमीटर. तिथून टोकापर्यंतच्या साडेसोळापैकी 11 सेंटीमीटर वर चढून खुणा केल्या आणि दोरा फिरवला. तो सारखा वर निसटायचा, शेवटी चिकटपट्टी लावली. भरला 33. ‘बाबा, निम्मा येतोय.’ मी म्हटलं, दोरा ढिला असेल. आणि बंड्या, तिने वहीतले 33 खोडून 22 लिहिले.

रात्री झोप कसली येते! कागद घेतला, पृथ्वी उभी चिरली. अक्षवृत्तावरच्या बिंदूपासून आसावर टाकलेला लंब, तीच त्या वर्तुळाची त्रिज्या. केंद्रापाशी अक्षांशाचा कोन. लंब विषुववृत्ताच्या रेषेला समांतर, म्हणून व्युत्क्रम कोनाने तोच कोन बिंदूपाशी. लगतची बाजू (ही त्रिज्या) भागिले कर्ण (पृथ्वीची त्रिज्या). कॉस! आणि साठ अंशांचा कॉस निम्मा. इतकंच होतं रे. कॅल्क्युलेटरवर आधी परीघ आला उणे 38,168 किलोमीटर. पृथ्वी उलटी झाली म्हणून दचकलो, तर कुणा गाढवाने तो अंशांऐवजी रेडियनवर, म्हणजे कोन मोजायच्या दुसऱ्याच एककावर ठेवलेला. गाढव मीच. मग 40,075 चे निम्मे, साधारण 20,038. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी, त्यामुळे खरा आकडा पन्नासेक किलोमीटरने जास्त निघतो, पण त्यावरून आता नवं भांडण काढू नकोस. तीस अंशांवरही जवळजवळ 87 टक्के परीघ शिल्लक असतो. आवळतो तो पुढे. माझा एक तृतीयांश थेट साडेसत्तर अंशांवर भेटला.

सकाळी मनूला सांगितलं, मी चुकलो. ‘बरं’ म्हणाली. रागावली असती तर परवडलं असतं. त्यानंतर एक गणित घेऊन आलेली नाही. दोरा हातात असताना तिने माझ्या आवाजावर विश्वास ठेवला, हे काही केल्या डोक्यातून जात नाही. तू खोडलंस तेव्हा तुला खरंच पटलं होतं, की नुसता कंटाळा आला होता माझा? खरं लिही. तिच्याशी काय बोलायचं ते त्यावरून ठरवेन.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? काकू जिना चढायला लागल्या का? धाकट्याचा निकाल कळव.

तुझा,
दिल्या

ता. क. पम्याला यातलं अक्षरही कळवू नकोस. तो नववीचे गुण परत मागेल.