मालविकाच्या मॅचेसची बातमी नीट द्या

संपादक महोदय,

नागपूरच्या बॅडमिंटनपटू मालविका बनसोडने २०२२ ला इंडिया ओपनमध्ये साईनाला सरळ दोन गेममध्ये हरवलं तेव्हा सगळीकडे फोटो आले, पण २०२४ मध्ये तिने चायना ओपनला पॅरिस ऑलिम्पिकची ब्रॉन्झ विजेती ग्रेगोरिया तुनजुंग हिला पहिल्याच राऊंडला बाहेर काढलं आणि नंतर जर्मनीत हायलो ओपनची फायनल खेळली, हे कितीजणांना माहितीये? सिंगल्समध्ये पार्टनर नसतो हो, अख्खं कोर्ट एकटीने सांभाळायचं, त्यात ही डावखुरी, बघायला फार भारी वाटतं. पहिल्या राऊंडला हरली तरी स्कोअर छापा, कोणाशी खेळली तेही लिहा. विदर्भात रॅकेट हातात घेतलेल्या पोरींना तिचं नाव पेपरात सारखं दिसायला हवं.

- एक वाचक, नागपूर