पदवीची अट आधी काढा, मग आम्हाला सांगा

मा. संपादक,
स.न.

कालच्या अंकात पदवीचा जमाना संपला असं सांगणारा अर्ध्या पानाचा लेख वाचला आणि नंतर दिवसभर तेच डोक्यात फिरत राहिलं, म्हणून आज लिहायला बसले. लिहिणारे अभ्यासू आहेत, मांडणीही चांगली आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण ज्या कंपन्यांच्या मोठ्या साहेबांची वाक्यं तुम्ही चौकट करून छापलीत, "आम्ही आता डिग्री बघत नाही, स्किल बघतो", त्यातल्या एकाला तरी विचारलंत का की मागच्या वर्षी डिग्री नसलेली किती माणसं घेतली? मला तरी लेखात हा प्रश्न कुठे सापडला नाही, आणि माझ्यासाठी सगळा विषय त्या एका प्रश्नात आहे.

मी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम करते. बारावीनंतर घरच्या अडचणीमुळे शिक्षण थांबलं, डेटा एंट्रीला लागले. आलेला माल नोंदवून आत घेणं, चलन आणि पीओ (खरेदीची ऑर्डर) टॅली करणं, जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची पावती काढणं, रिजेक्शनचा माल परत पाठवणं, वर्षअखेरची फिजिकल स्टॉक मोजणी, हे सगळं काम करता करता शिकले, कुणी कोर्स लावून दिला नव्हता. कंपनीत ईआरपी म्हणजे सगळा हिशोब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर आलं तेव्हा जुन्या बिन कार्डवरचा (मालाशेजारी ठेवलेल्या हाताने लिहायच्या कार्डवरचा) स्टॉक आणि सिस्टीममधला स्टॉक जुळेना, ते काम माझ्याकडे आलं, मी एकेक आयटम बसवला आणि ऑडिटरनी साहेबांसमोर तसं बोलून दाखवलं. पुढे स्टोअर इन-चार्जची जागा रिकामी झाली. साहेबांनी माझं नाव वर पाठवलं. एचआरचं उत्तर आलं की पॉलिसीप्रमाणे उमेदवार किमान पदवीधर पाहिजे. मी विचारलं, कुठल्या विषयातला? तर म्हणे कुठल्याही!

म्हणजे मटेरियलचं ज्ञान पाहिजे म्हणून अट असती तरी मी गप्प बसले असते. तसं काही नाही. त्या जागेवर जो मुलगा आला त्याची पदवी वनस्पतीशास्त्रातली. जीआरएन म्हणजे काय हे त्याला मी सांगितलं, एखादा आयटम स्टॉकमध्ये कमी का दाखवतोय हे शोधायचं कसं तेही मी शिकवलं, आणि आज माझ्या रजेच्या अर्जावर सही त्याची लागते. मुलगा वाईट नाही हो, उलट फार गुणी आहे, अडलं की येऊन विचारतो. पण माझ्या कामाचं मोल कुणी केलं नाही हे मला आजही टोचतं, आणि "आता स्किलला किंमत आहे" असं छापून आलेलं वाचलं की जास्तच टोचतं.

साहेब तेव्हा म्हणाले डिस्टन्सने पदवी करून टाका. चौकशी केली तर बाहेरच्या बऱ्याच जाहिरातींमध्ये 'फुल टाइम रेग्युलर' असंच लिहिलेलं! नोकरी सोडून तीन वर्षं कॉलेजला जाऊन बसायचं आणि परत येऊन तेच चलन तपासायचं, हा कुठला न्याय?

आता त्या मुलाचंही ऐका, कारण लेखातला अर्धा भाग त्याच्यासारख्यांबद्दल आहे. पदवीने त्याला आत आणलं खरं, पण कॉन्ट्रॅक्टवर. दर वर्षी रिन्यूअल होतंय की नाही याची धाकधूक, पगार मी जुनी असल्यामुळे माझ्यापेक्षा फार काही जास्त नाही, आणि बाहेर अर्ज केला की त्याला विचारतात एमबीए केलंय का. मला पदवीने अडवलं, त्याला पुढच्या पदवीने. माझी भाची अर्थशास्त्र शिकते, तिने मला समजावलं की मायकेल स्पेन्स नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९७३ मध्येच यावर लिहिलंय. पदवीने माणूस कामात हुशार होतो की नाही हा भाग वेगळा, कंपनीला समोरचा माणूस आतून कसा आहे ते कळत नसतं म्हणून ती पदवी ही खूण धरते. २००१ मध्ये त्यांना नोबेलही मिळालं. मग सगळ्यांकडेच ती खूण आली की कंपनी आणखी मोठी खूण मागणार, हे ओघानेच आलं. दक्षिण कोरियात २५ ते ३४ वयाच्या जवळजवळ ७० टक्के लोकांकडे बारावीच्या पुढचं शिक्षण आहे, तिथे नुसत्या पदवीने कोण कुणाकडे बघणार?

आणि तुमच्या चौकटीतले साहेब लोक जे बोलतात त्याचं काय होतं हेही भाचीनेच दाखवलं. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूट यांनी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या कंपन्यांचा अभ्यास केला, ज्यांनी जाहिरातीतून पदवीची अट काढली होती अशा. त्यातल्या ४५ टक्के कंपन्यांनी अट फक्त कागदावर काढली, भरती पहिल्यासारखीच. एकूण भरतीत या बदलाचा फायदा ७०० मध्ये एकालाही धड झाला नाही. त्याआधी २०१७ मध्ये हार्वर्डच्याच एका अहवालात आलं होतं की प्रॉडक्शन सुपरवायझरच्या ६७ टक्के जाहिरातींत पदवी मागितली होती, आणि त्या वेळी ते काम प्रत्यक्ष करणाऱ्यांपैकी फक्त १६ टक्क्यांकडे पदवी होती. ते वाचून मला रडूच आलं, कारण हे तर माझंच लिहिलंय.

तुमच्या लेखातल्या आकड्याबद्दलही बोलायचंय. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या अहवालातला आकडा ठळक छापलाय, २०२२ मध्ये भारतात पदवीधर तरुणांत २९.१ टक्के बेरोजगार आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ३.४ टक्के. आकडा बरोबर आहे. पण त्यावरून शिकू नका असं कसं काय निघतं? ज्याच्या घरात आजच्या दिवसाची सोय नाही तो मिळेल त्या कामाला जातो, त्याला बेरोजगार राहणं परवडतच नाही, म्हणून तो त्या टक्क्यात दिसत नाही. त्याला चांगली नोकरी मिळाली असा त्याचा अर्थ होत नाही. पदवीधर थांबू शकतो, शोधत राहतो, म्हणून मोजला जातो. हे एक वाक्य लेखात पाहिजे होतं, नाहीतर कुणीतरी बाप हे वाचून मुलीचं कॉलेज बंद करेल, आणि उद्या ती माझ्या टेबलावर येऊन बसेल.

माझ्या मुलीला मी शिकवणार म्हणजे शिकवणार. पदवीने चांगली नोकरी मिळतेच असं मला अजिबात वाटत नाही, त्या मुलाकडे रोज बघते मी. पण पदवी नसली तर अर्जाचा ऑनलाइन फॉर्मसुद्धा पुढे सरकत नाही, तो रकाना भरल्याशिवाय 'नेक्स्ट' दाबताच येत नाही. स्किल दाखवायचं कुणाला आणि कधी?

जाता जाता आणखी एक. त्याच अंकाच्या पुरवणीत कॉलेजांच्या पानभर जाहिराती होत्या, '१०० टक्के प्लेसमेंट', 'सर्वाधिक पॅकेज', आणि एका मुलाचा हार घातलेला फोटो. ते पॅकेज एकाला मिळालेलं असतं. बाकी वर्गातल्या मधल्या मुलाला काय मिळालं ते कुणी छापत नाही. शंभर टक्के म्हणजे नाव नोंदवलेल्यांपैकी की सगळ्या वर्गापैकी, तेही नाही. जाहिरातीचे पैसे तुम्ही घेता, तर निदान मीडियन पगार, म्हणजे त्या मधल्या मुलाचा पगार, आणि एकूण विद्यार्थी किती एवढं छापायची अट तुम्ही त्यांना घालू शकता. एका पानावर पदवी घेऊ नका आणि दुसऱ्या पानावर आमच्याकडेच घ्या, वाचणाऱ्या पोरांनी करायचं काय?

माझी विनंती एवढीच आहे की त्या चौकटीतल्या साहेबांना परत फोन करा आणि त्यांच्या कंपनीत सुपरवायझर, स्टोअर, डिस्पॅच, अकाउंट्स या जागांच्या जाहिरातीत आज पात्रता काय लिहिली आहे ते विचारून छापा. आणि आतल्या माणसाला बढती देताना पदवीची अट लागते का, तेही.

पत्र छापलंत तर नाव देऊ नका, अजून तिथेच नोकरी करते.

आपली,
एक नियमित वाचक