इस्तंबूलमधल्या एमिनोन्यूच्या घाटावरल्या ताईंना

सप्रेम नमस्कार, वि. वि.

ताई, हे पत्र तुमच्या हाती पडायचं नाही. तुमचं नाव मला माहीत नाही, तुम्हाला मराठी यायचं काही कारण नाही आणि मला तुर्की येत नाही. तरी उघड पत्र लिहिते आहे, कारण त्या दिवशी आमच्या ग्रुपमध्ये जी मंडळी होती ती सगळी मराठी वाचतात. त्यांच्या नजरेस पडलं तर बरंच आहे.

आधी माझ्या आईबद्दल सांगते. तुम्ही तिला ज्या अवस्थेत पाहिलंत ती तिची ओळख नव्हे. साताऱ्याकडच्या एका हायस्कुलात तिने आयुष्यभर इतिहास शिकवला. ‘1453 साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले’ हे वाक्य आमच्याकडच्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारलं तरी म्हणता येतं. ‘कारणे द्या’मध्ये ते यायचंच. आईचं मात्र त्या एका वाक्यावर भागायचं नाही. कॉन्स्टँटिनोपल म्हणजे आजचं तुमचं इस्तंबूल; ते शहर ती फळ्यावर काढायची. तिहेरी तटबंदी, गोल्डन हॉर्न ह्या खाडीच्या तोंडाशी ताणलेली लोखंडी साखळी, आणि ती साखळी चुकवायला एकवीस वर्षांच्या सुलतान मेहमदने चरबी लावलेल्या ओंडक्यांवरून, चक्क डोंगर ओलांडून पलीकडच्या पाण्यात उतरवलेली जहाजं. मागच्या बाकावरची पोरंसुद्धा तेवढा तास गप्प बसायची. मी त्याच वर्गात होते म्हणून सांगते, खरंच बसायची.

पासपोर्ट तिने सत्तरी उलटल्यावर काढला. भावाने सिंगापूर सुचवलं, वहिनीने दुबई. आई म्हणाली, मला कॉन्स्टँटिनोपल बघायचंय. मग मी सुट्टी टाकली आणि आम्ही दोघींनी एका टूर कंपनीचं पॅकेज घेतलं. माहितीपत्रकावर हसऱ्या आजी-आजोबांचा फोटो होता आणि खाली ‘ज्येष्ठांची खास काळजी’ असं लिहिलं होतं. कंपनीचं नाव लिहीत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

तुमचं शहर आम्हाला पहिल्यांदा बसच्या काचेतून दिसलं. मला दिसल्या उंच इमारती, ट्रॅफिक, दुभाजकात रांगेने लावलेले ट्युलिप. आईला दिसला तट. पाचव्या शतकातला, जागोजागी पडलेला, मध्येच डागडुजी केलेला, आणि त्याच्या पायथ्याशी कुणीतरी लावलेली भाजी. ती चालत्या बसमध्ये उठून उभी राहिली. टूर मॅनेजरने माइकवरून सांगितलं, ‘‘आजी, बसून घ्या.’’ बस हसली. त्या तटासमोर एक हजार वर्षं सैन्यं येऊन परत गेली होती, हे सांगायला ती उठली होती. पण माइक त्याच्या हातात होता.

दुसऱ्या दिवशी हागिया सोफिया. सन 537 मध्ये चर्च म्हणून बांधून झालेली, पुढे मशीद आणि मग संग्रहालय झालेली वास्तू. 2020 पासून पुन्हा मशीद आहे, त्यामुळे 2024 पासून परदेशी पाहुण्यांना 25 युरोचं तिकीट काढून वरच्या सज्जात जावं लागतं. वर जायला पायऱ्या नाहीत, दगडी उतार आहे, वळणावळणांचा, शतकानुशतकांच्या पावलांनी गुळगुळीत झालेला. आई तो न थांबता चढली. वरून घुमटाकडे बघत राहिली आणि काही बोलली नाही, म्हणजे तिला फार आवडलं होतं. पण बाहेरची रांग लांबलचक होती, आणि सकाळी तिने रक्तदाबाची पाण्याची गोळी घेतलेली होती. ज्यांच्या घरात आई-सासू सत्तरीपुढची आहे त्यांना ह्या गोळीचा अर्थ सांगायला नको.

स्वच्छतागृह कुठे आहे, असं तिने मॅनेजरला रांगेत विचारलं. बाहेर पडल्यावर परत विचारलं. तो म्हणाला, ‘‘आजी, तुमच्यासाठी अख्खा ग्रुप थांबवता येत नाही. बोटीची वेळ ठरलेली आहे.’’ मी बोलले, तर मला म्हणाला की खाली घाटावर सोय आहे, दहाच मिनिटं. मग ट्रामच्या रुळांच्या कडेने उतारावरून आमची वरात निघाली. सिर्केजी स्टेशन आलं. युरोपातून येणाऱ्या जुन्या ओरिएंट एक्सप्रेस गाडीचा शेवटचा थांबा, आईने त्याबद्दल विमानात मला अर्धा तास ऐकवलं होतं. मी बोट दाखवलं. तिने मान वर केली नाही. तिथे मला कळलं.

पुढचं घाटाच्या चौकात, ‘नवी मशीद’ नावाच्या मशिदीसमोर, कबुतरांच्या गर्दीत घडलं. एवढंच लिहिते. एका बाईंनी तोंड फिरवलं, ते मी सभ्यपणात धरते. त्यांच्या यजमानांनी घड्याळ बघितलं. कुणीतरी म्हणालं, ‘‘म्हणून वयस्कर माणसांना आणू नये,’’ आणि म्हणणारे स्वतः अडुसष्ट वर्षांचे होते. मॅनेजरने झेंडी उंच धरली, आम्ही टॅक्सीने हॉटेलवर जावं असं सुचवलं आणि टॅक्सीचं भाडं पॅकेजमध्ये धरलेलं नाही हेही सांगितलं. तेवढं सांगायला त्याच्याकडे वेळ होता.

मग तुम्ही.

तुम्ही त्या सशुल्क स्वच्छतागृहाच्या दाराशी टेबल टाकून बसला होतात. समोर नाण्यांची बशी, बाजूच्या खुर्चीत उशीवर झोपलेलं पिवळं मांजर. तुम्ही आईकडे एकदाच बघितलंत, उठलात आणि तिचा दंड धरून आत नेलंत. मी मागोमाग यायला लागले तर हाताने मला दारातच थांबवलंत. मला त्या क्षणी रागच आला. आता वाटतं, लेकीसमोर लाज जास्त वाटते हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं? आतून पाण्याचा आवाज येत होता, आणि तुमचा. तुम्ही तुर्कीत अखंड बोलत होतात, भाजीचे भाव सांगावेत तशा साध्या सुरात. थोड्या वेळाने आई बाहेर आली ती फुलाफुलांच्या, कमरेला इलॅस्टिक असलेल्या तुमच्या सलवारीत. नजर फरशीवर.

ताई, इथपर्यंत जे केलंत ते कुणीतरी भल्या बाईने केलं असतं असं मी धरून चालते. चालायला हवं, नाहीतर घराबाहेर पडायचं कसं? पण त्यापुढे तुम्ही जे केलंत त्यासाठी हे पत्र.

तुम्ही मांजराला उशीसकट उचलून खाली ठेवलंत आणि आईला त्या खुर्चीत बसवलंत. टेबलाच्या खणातून एक बाटली काढलीत. आईला ओंजळ पुढे करायला लावलीत आणि तिच्या हातांवर ते लिंबाच्या वासाचं पाणी ओतलंत. मग माझ्या हातांवर. मग स्वतःच्या. तुमच्याकडे त्याला कोलोन्या म्हणतात, हे मला नंतर कळलं. दारी आलेल्या पाहुण्याला, सणाला भेटायला आलेल्याला, लांबच्या बसमध्ये चढलेल्या प्रवाशाला ते देतात. पूर्वी ह्या जागी गुलाबपाणी असायचं, ऑटोमन काळात एकोणिसाव्या शतकात युरोपातून कोलोन आलं आणि लिंबू मिसळून तुमचं झालं. हे वाचलं तेव्हा आईचा चेहरा का बदलला ते उमगलं. आमच्याकडे हळदीकुंकवाला दारात गुलाबदाणी घेऊन उभं राहतात, हाताच्या मागे अत्तर लावतात, अगदी तसंच होतं ते. बाबा गेल्यापासून आईला हळदीकुंकवाचं आमंत्रण येत नाही. कुणी तिच्या हातावर अत्तर लावून किती काळ लोटला असेल!

जंतुनाशक म्हणून तुम्ही ते दिलं असतंत तर तळव्यावर थेंब टाकून मोकळ्या झाला असतात. तुम्ही तिघींच्या हातांवर ओतलंत. सगळ्यात आधी आईच्या.

आईने हात चोळले, वास घेतला, चेहऱ्यावरून फिरवले आणि ताठ बसली. आमच्या मुख्याध्यापकांना घाम फोडणारी ती बसण्याची तऱ्हा आहे, तुम्हाला कल्पना नसेल. मग तिने मला फर्मावलं, ‘‘विचार त्यांना, मुलं किती?’’ मी फोन काढेपर्यंत तुमचं दोघींचं सुरूही झालं होतं. तुम्ही ‘‘हिंदिस्तान?’’ म्हणालात आणि छातीवर हात ठेवलात. तीन दांड्यांना लटकवलेलं तबक झुलवत चहावाला पोरगा जात होता, त्याला थांबवून चिमुकल्या कंबरेच्या पेल्यांतून बिनदुधाचा चहा मागवलात. आईला मधुमेह आहे, साखरेच्या वड्या तिला नको होत्या. पण त्या तिने घेतल्या. टेबलावर पाणी सांडून तिने गोल्डन हॉर्न केला, माझी गळ्यातली साखळी काढायला लावून ती आडवी ताणली, आणि साखरेची जहाजं बशीच्या काठावरून पलीकडे नेली. खऱ्या साखळीचं एक टोक तिथून हाकेच्या अंतरावर बांधलेलं होतं! तुम्ही टाळी वाजवून ओरडलात, ‘‘फातिह! फातिह!’’ तुमच्या सुलतान मेहमदची पदवी, ‘विजेता’. मांजरही उठून बसलं. पंचाहत्तरीकडे झुकलेल्या माझ्या आईने इस्तंबूलच्या मुतारीच्या दारात तास घेतला, आणि तो तिच्या चांगल्या तासांपैकी एक होता.

मी दोनशे लिरांची नोट पुढे केली तर तुम्ही माझी मूठ मिटवून परत केलीत. पुन्हा केली तर डोळे वटारलेत. मग बशीकडे बोट दाखवलंत. आत जायची फी तेवढी घेतलीत, दोघींचीही, मी आत न जाता. हे मला फार आवडलं.

तुमचं शहर फार गुणी आहे असं काही मी म्हणत नाही. त्याच संध्याकाळी एका टॅक्सीवाल्याने आम्हाला हॉटेल दिसत असतानाही अख्ख्या टेकडीला प्रदक्षिणा घालून आणलं. पण नंतरच्या दिवसांत मी जरा वेगळ्या नजरेने बघत होते. जुन्या मशिदींच्या भिंतींवर चिमण्यांसाठी दगडात कोरलेली छोटी घरं आहेत, सज्जे आणि खिडक्यांसकट. बेकरीत एका पावाचे पैसे जास्त देऊन तो ‘टांगून’ ठेवायची रीत आहे, ज्याच्याकडे पैसे नाहीत तो येऊन मागून नेतो, देणाऱ्याला घेणारा दिसत नाही. दुकानांच्या उंबऱ्यांशी मांजरांसाठी पाण्याचे वाडगे. ज्या मसाल्यांच्या बाजारात आईने मिरी हुंगून मला वास्को द गामा ऐकवला, तो बाजारच मुळात शेजारच्या नव्या मशिदीचा खर्च भागावा म्हणून बांधलेला. म्हणजे कुणीतरी आधी बसून विचार केलेला असतो की उन्हात येणाऱ्याला पाणी लागेल, चिमणीला घर लागेल.

आमच्याकडे हा विचार बायकांच्या वाट्याला आला नाही. आमच्या बायका एसटीत बसण्याआधी पाणी पीत नाहीत. दुपारच्या लग्नाला निघालेली मावशी सकाळपासून घसा कोरडा ठेवते. मुंबईत ह्यासाठी 2011 मध्ये ‘राइट टू पी’ म्हणून चळवळ उभी करावी लागली, कारण पुरुषांना मुतारी फुकट आणि बाईला पैसे, तेही जागा सापडली तर. आईनेसुद्धा नोकरीभर तेच केलं, पाच तास, सहा तास. तिच्या पिढीच्या बायकांना ‘थांबा, मला जायचंय’ हे मोठ्याने म्हणता येत नाही. तिने रांगेत ते म्हटलं होतं, परत म्हटलं होतं, आणि झेंडीवाल्याने ऐकलं नव्हतं. मला अजून झोप येत नाही ती ह्या गोष्टीने.

परतल्यावर कंपनीतून एका मुलीचा फोन आला, पाचपैकी किती गुण द्याल म्हणून. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘‘मॅम, तुमचा फीडबॅक आमच्यासाठी मोलाचा आहे.’’ त्यानंतर आम्हाला दार्जिलिंगच्या टूरवर सवलत असल्याचा मेसेज येतो आहे.

आता कामाचं. तुमची सलवार आईने धुऊन, इस्त्री करून, कागदात गुंडाळून ठेवली आहे. दुसऱ्याचा कपडा घरात ठेवणं तिला पटत नाही. माझा मावसभाऊ ऑफिसच्या कामाने पुढच्या महिन्यात इस्तंबूलला येतो आहे, त्याच्या बॅगेत ती टाकणार आहोत. सोबत एक नवी कोरी इरकल साडी आहे, आईनेच निवडलेली, हिरवी, लाल काठांची. नेसायची कशी हे तिने कागदावर चित्रं काढून दाखवलं आहे. भावाला जागा नीट समजावली आहे. ट्रामच्या थांब्यावर उतरून घाटाकडे यायचं, पिवळं मांजर बघायचं. तो लाजाळू आहे, बायकांच्या स्वच्छतागृहाच्या दाराशी घुटमळत राहील. त्याला हाकलू नका. पार्सल घ्या आणि त्याच्याकडून फी घेऊ नका, तो आत येणार नाही.

आपली,
हिंदिस्तानातल्या त्या बाईंची लेक