रिळाची बेअरिंगे मोजू नयेत, दोरीचा रोलर पाहावा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गळाने मासे पकडण्याच्या छंदावर अलीकडे आलेला लेख मी आवडीने वाचला. खाडीकाठच्या तरुणांना या छंदाची लागलेली गोडी त्यात चांगली टिपली आहे. मात्र स्पिनिंग रीळ (रॉडला बसवायचे, दोरी सोडण्याचे व गुंडाळण्याचे यंत्र) कसे निवडावे यासंबंधी त्यात दिलेला ‘जितकी बेअरिंगे अधिक तितके रीळ उत्तम’ हा एकमेव सल्ला नवख्या माणसाला नुकसानीत टाकणारा आहे. तो मला स्वतःला एकदा चांगलाच भोवलेला असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

रत्नागिरीत भाट्ये खाडीच्या मुखाशी आणि मिऱ्याच्या खडपांवर मी गेली 22 वर्षे गरवतो, म्हणजे गळाने मासे पकडतो. सुरुवात तंगूस (नायलॉनची एकेरी दोरी), शिसे आणि हाताने फेकायच्या गरीने झाली. रॉड आणि रीळ पुढे आले. पहिले रीळ घेतले तेव्हा त्याच्या खोक्यावर बेअरिंगांचा ‘13+1’ असा आकडा ठळक छापलेला होता आणि दुकानदारानेही गुण म्हणून तेवढाच सांगितला. त्याच पावसाळ्यात, चौथ्या की पाचव्या खेपेला, दोरी ज्या लहानशा चाकावरून वळते ते चाक, म्हणजेच रोलर, मिठाने जाम झाले, न फिरणाऱ्या त्या चाकावर दोरीनेच खाच पाडली आणि खाचेत घासून विरलेली दोरी एका जिताडा माशाने पहिल्याच धावेत तोडली. उरलेली सर्व बेअरिंगे त्या वेळी अगदी सुरळीत फिरत होती.

असे का घडते हे कळण्यासाठी या यंत्रामागची मूळ कल्पना पाहावी लागते. इंग्लंडमधील ब्रॅडफर्डच्या लोकर उद्योगातील आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी 1905 मध्ये अशा रिळाचे पेटंट घेतले. गिरणीतील स्थिर बॉबिनच्या टोकावरून सूत जसे विनासायास सुटते, तशीच येथे फेकीच्या वेळी स्पूल (दोरी गुंडाळलेली फिरकी) जागचे हलत नाही आणि दोरी त्याच्या काठावरून वेटोळ्यांनी निघून जाते. म्हणूनच दहा-पंधरा ग्रॅमचे हलके आमिषही दूरवर पडते. या सोयीची किंमत दोरी परत गुंडाळताना मोजावी लागते. तेव्हा तिला स्पूलभोवती फिरणाऱ्या रोटरवरील त्या एवढ्याशा रोलरवरून काटकोनात वळावे लागते, आणि मासा जोर करत असताना दोरीवरचा सगळा ताण त्या एका वळणावर येतो. रोलर फिरला नाही तर दोरी घासते, तापते आणि तिला पीळही अधिक पडतो. पूर्वीच्या जाड तंगुसाने हे काही काळ निभावून नेले असते. आजच्या बारीक विणलेल्या दोरीचा (जिला आम्ही मंडळी बिनदिक्कत ‘ब्रेड’ म्हणतो आणि घरच्यांचा गोंधळ उडवतो) घासण्यापुढे निभाव लागत नाही.

म्हणून माझे म्हणणे इतकेच आहे की रीळ हातात घेतल्यावर प्रथम हा रोलर पाहावा. त्याच्या आत बेअरिंग आहे की नुसतीच प्लॅस्टिकची बुशी, पृष्ठभाग कठीण आणि गुळगुळीत आहे की पिवळ्या धातूवर पातळ मुलामा, आणि दोरीचा तुकडा वरून ओढला असता तो लगेच फिरतो की दोरी नुसती घसरत जाते, हे दुकानातच दोन मिनिटांत कळते. रिळात जेथे बेअरिंगवर खरोखर भार येतो अशा जागा मोजक्याच असतात: मोठ्या गिअरच्या दोन बाजू, पिनियनचा (त्याला जोडलेल्या लहान गिअरचा) आधार आणि हा रोलर. त्यापलीकडची बरीच बेअरिंगे हँडलच्या मुठीत बसवून आकडा फुगवता येतो. ‘+1’ म्हणजे तर बहुधा हँडल उलटे फिरू न देणारा एकदिशा क्लच असतो. तो महत्त्वाचा आहे खरा, पण त्याची परीक्षा आकड्याने होत नाही. हँडल पुढे फिरवून एकदम थांबवावे आणि मागे ढकलून पाहावे; जराही मोकळीक जाणवली, तर मोठा मासा लागल्यावर तीच मोकळीक झटक्यात बदलते.

खोक्यावरचा दुसरा फसवा आकडा ‘कमाल ड्रॅग’चा. 15 किलो, 20 किलो असे आकडे वाचून माणूस हरखतो. वास्तविक ड्रॅग हा दोरी तुटण्यापूर्वी माशाला ती ओढून नेऊ देणारा ब्रेक आहे आणि तो दोरीच्या ताकदीच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश इतकाच लावायचा असतो. 12 किलोला तुटणाऱ्या दोरीसाठी 3 ते 4 किलो पुरे. शेवाळलेल्या ओल्या खडपावर उभ्या माणसाला 15 किलोची ओढ बसली, तर मासा किनाऱ्यावर येण्याऐवजी माणूस पाण्यात जाण्याचा संभव अधिक. पाहायचे असते ते हे की, लावलेल्या ताणावर स्पूल हलक्या हाताने सुटू लागते की आधी अडून मग धक्क्याने सुटते. तांबोशी लागली की ती खडकाच्या कपारीकडे एकच धाव घेते. त्या क्षणी ड्रॅग अडला तर दोरी तरी तुटते, नाहीतर गळ तरी सरळ होतो. दोरीचे टोक साध्या ताणकाट्याला बांधून ओढले की काटा स्थिर राहतो की उड्या मारतो ते दिसते, आणि यासाठी कोणत्याही तज्ज्ञाची गरज लागत नाही.

गिअरच्या प्रमाणाबद्दल थोडे. 6.2 म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात रोटरचे 6.2 फेरे. दोरी भरलेल्या स्पूलचा व्यास 52 मि.मी. धरला, तर एका फेऱ्यात सुमारे 101 सें.मी. दोरी गुंडाळली जाते आणि 4.9 च्या प्रमाणात सुमारे 80 सें.मी. उथळ खडपावर आमिष चटकन वर उचलायचे असेल तर पहिले बरे, खोल पाण्यातून जड ओढ काढायची असेल तर दुसरे. यात चांगले-वाईट असे काही नाही.

रिळाच्या आकाराचा क्रमांक मात्र जपून वाचावा, कारण 2500, 4000 हे आकडे कोणत्याही समान मापाचे नाहीत. जपानच्या दाइवा कंपनीने ‘एलटी’ नावाची रिळे आणताना स्वतःचीच पद्धत बदलली आणि तिचे नवे 4000 जुन्या 3000 च्या जवळ आले. मग एका कंपनीचा आकडा दुसरीशी ताडून पाहण्यात काय अर्थ? त्याऐवजी रिळाचे वजन ग्रॅममध्ये आणि किती जाडीची किती मीटर दोरी मावते हे वाचावे. खाडीत आणि खडपांवर जिताडा, तांबोशी, रावस यांच्यासाठी बहुतेक कंपन्यांचे 4000 च्या आसपासचे रीळ मला पुरेसे वाटते. हँडल आरपार बोल्टने आवळलेले असण्यापेक्षा थेट गिअरमध्ये स्क्रूने बसणारे घ्यावे. त्यात हेलकावे कमी असतात.

आता आपल्या हवेविषयी. आमच्याकडचे मीठ कोणत्याही कंपनीचा मुलाहिजा ठेवत नाही. ‘आयपीएक्स5’ सारखी पाणीरोधकतेची खूण पाण्याचा फवारा अडवण्यापुरती असते. तिचा अर्थ रीळ समुद्रात बुडवावे असा नाही. घरी आल्यावर ड्रॅग आवळून, नळाच्या मंद धारेखाली रीळ धुवावे, पुसावे, मग ड्रॅग सैल सोडून सावलीत वाळवावे आणि रोलरला तेलाचा एक थेंब द्यावा. जोराच्या पाइपने धुणारे पुष्कळ जण मी पाहतो. ते मीठ बाहेर काढत नाहीत, आत लोटतात.

शेवटी एक तक्रार, जी विक्रेत्यांपर्यंत पोहोचावी अशी इच्छा आहे. बाहेरून आणलेल्या कित्येक रिळांच्या खोक्यांवर आयातदाराचे नावच मी पाहिलेले नाही. वैध मापनशास्त्राच्या 2011 च्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार आयातदाराचे नाव-पत्ता, उत्पादनाचा देश आणि कमाल किरकोळ किंमत छापणे बंधनकारक आहे, आणि ऑनलाइन विक्रीतही हा तपशील दाखवावा लागतो. तो नसेल तर ग्राहकाने 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर सांगण्यास संकोच करू नये, कारण आयातदारच माहीत नसेल तर सुटा भाग मागायचा कोणाकडे? केंद्राने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी जी चार क्षेत्रे पुढे केली, ती शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही होती. रीळ त्यात कोठे बसत नाही हे मान्य आहे. तरीही विकत घेण्यापूर्वी ‘याचा रोलर सुटा मिळेल का?’ असे दुकानदाराला प्रत्येकाने विचारावे. माझ्या पहिल्या रिळासाठी तो कधीच मिळाला नाही. अखेर मी ते रीळ खोलले आणि त्यातली दोन सुस्थितीतील बेअरिंगे आज माझ्या दुसऱ्या रिळाच्या मुठीत फिरत आहेत.

आपला,
एक गरवणारा वाचक,
रत्नागिरी