नौका पाण्याबाहेर काढतोय

प्रिय मित्रा,

काल फोनवर तू दोनदा विचारलंस, "तिला तिवरांच्या खाडीत का नेत नाहीस?" आणि दोन्ही वेळा मी विषय बदलला. माझंच ठरलं नव्हतं, तुला काय सांगणार? आत्ता रात्री 11 चं वादळाचं बुलेटिन वाचलं आणि ठरवून टाकलं. उद्या सकाळी नौका पाण्याबाहेर काढतोय, आणि डोलकाठीही उतरवून घेतोय. तुला हे पटायचं नाही, म्हणून फोन न करता लिहायला बसलो. फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

वादळ अजून चार दिवसांवर आहे. मायामीच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राच्या नकाशात वादळाच्या संभाव्य मार्गाचा जो शंकू काढतात, आपला किनारा त्याच्या अगदी कडेला येतोय. तू म्हणालास, कडेला म्हणजे सुटलो. तसं नाही रे. वादळाचं केंद्र त्या शंकूच्या आत राहतं ते साधारण तीनांतल्या दोन वेळा. तिसऱ्या वेळी ते बाहेरून जातं. आणि शंकू दाखवतो तो फक्त केंद्राचा रस्ता. वारा आणि पाणी त्याच्या कितीतरी बाहेर पोचतात. अधिकृत इशारा निघतो तो वारे सुरू व्हायच्या अंदाजे 36 तास आधी. माणसांना घर सोडायला तेवढा वेळ पुरेल, पण नौका जमिनीवर ठेवायच्या यार्डाची क्रेन तोवर कुणासाठी थांबत नाही. उद्या दुपारनंतर एकही नौका उचलणार नाही असं त्यांनी सांगूनच टाकलंय. म्हणजे वादळ वळलं तर उचलण्याचे आणि डोलकाठीचे सगळे पैसे फुकट जाणार. जाऊ देत. त्याचं दुःख मी आजच करून घेतलंय.

समुद्रात पळून जाण्याचं तू बोलला नाहीस ते बरं केलंस. आपली 6 नॉटने, म्हणजे तासाला 6 सागरी मैलांनी, चालली तर 24 तासांत 144 सागरी मैल कापते, आणि वादळ 12 नॉटने सरकलं तरी 288. त्यात ते कुठे वळेल ते आधी कळायला हवं.

धक्क्यावर तशीच ठेवण्याबद्दल तर तुला काही सांगायलाच नको. त्या वर्षीच्या वादळात आपण दुप्पट दोर लावले होते, प्रत्येक गाठ दोघांनी तपासली होती. आपला एकही दोर तुटला नाही. धक्क्यावरचा क्लीट, दोर बांधायची ती खुंटी, फळीसकट उपटून आला आणि मग रात्रभर ती खांबावर आपटत राहिली. उजव्या बाजूची ती भेग भरायला आपले तीन शनिवार-रविवार गेले. रंगाखाली ती आता दिसत नाही, पण तिथून हात फिरवला की मला अजून कळते. या वेळी दोरांचं नाही, पाण्याच्या उंचीचं भय आहे. आपल्या तरंगत्या धक्क्याचे खांब भरतीच्या पाण्यावर जेमतेम 2 मीटर उरतात, आणि उधाण, म्हणजे वादळाने ढकललेलं समुद्राचं पाणी, 3 मीटरपर्यंत चढू शकेल असा अंदाज आहे. एकदा पाणी खांबांच्या माथ्यावर गेलं की अख्खा धक्का बांधलेल्या नौकांना घेऊन तरंगत निघतो. मग तुम्ही दोर किती चांगले बांधलेत याला काय अर्थ उरला?

आता तुझी खाडी. तुझ्या म्हणण्यात दम आहे हे आधीच कबूल करतो. तिवरं वाऱ्याबरोबर वाकतात, झटका स्वतःवर घेतात. आत लाट येत नाही. आणि टेकलीच नौका, तर मऊ चिखलात टेकते. तीन दिवस माझ्या मनात तीच खाडी होती. काल संध्याकाळी डिंगी, आपली छोटी होडी, घेऊन मी तिथे जाऊनही आलो. तेव्हाच आत अकरा नौका होत्या. परवापर्यंत तीस होतील.

मला भीती त्या तिसांची आहे. 1989 साली ह्यूगो वादळ आलं तेव्हा प्वेर्तो रिकोजवळच्या कुलेब्रा बेटाच्या एन्सेनाडा होंडा या उपसागरात, सगळ्या बाजूंनी जमिनीने वेढलेलं म्हणून, दूरदूरहून लोक नौका घेऊन आले होते. त्यातल्या बहुतेक किनाऱ्यावर जाऊन पडल्या. 2017 मध्ये इर्मा वादळाच्या वेळी ब्रिटिश व्हर्जिन बेटांतल्या टॉर्टोलाच्या पॅराक्विटा बेचे फोटो तर आपण दोघांनी बरोबरच पाहिले होते. आठवतं, तू बराच वेळ काही बोलला नव्हतास. शेकडो नौका, शेजारीशेजारी नीट बांधलेल्या, आणि सकाळी त्यांचा एक ढीग. तिथे नेणाऱ्यांनी निष्काळजीपणा केला नव्हता. एकीचा नांगर सुटला की ती दुसरीवर जाते, मग दोघी मिळून तिसरीवर. माझे दोर मी तपासू शकतो, शेजाऱ्याचे कसे तपासू?

दोर तुटतात ते ताणाने कमी आणि घासून जास्त, हे तूच मला शिकवलंस. नायलॉन लांबतो म्हणून झटका सोसतो, पण लांबताना तो नौकेच्या काठावर करवतीसारखा पुढेमागे होत राहतो. भरीला आतून इतका तापतो की आतले धागे वितळतात, आणि वरून दोर शाबूत दिसतो. काठावरून जाणारा तुकडा कमी लांबणाऱ्या पॉलिस्टरचा लावायचा आणि पुढे नायलॉन जोडायचा, हे मी या वेळी केलंही असतं. पण नांगराचा हिशेब ऐक. तिथे भरतीला 4 मीटर पाणी, नौकेचं पुढचं टोक पाण्यापासून 1 मीटर वर, मिळून 5. वादळात नांगराचा दोर या उंचीच्या दहापट सोडायचा, म्हणजे 50 मीटर. उधाण 3 मीटर चढलं की 5 चे 8 होतात, आणि तोच दोर जेमतेम सहापट उरतो. दहापट ठेवायचा तर 80 मीटर हवा. 80 मीटर दोरावर फिरायला त्या खाडीत जागा आहे का?

आणि खाडीचं तोंड दक्षिणेला आहे. वादळाचं केंद्र आपल्या पूर्वेकडून उत्तरेला गेलं तर वारा ईशान्येचा, मग उत्तरेचा, मग वायव्येचा होईल, आणि तुझ्या खाडीसारखी जागा नाही. पण ते पश्चिमेकडून गेलं तर आपण त्याच्या उजव्या, जास्त जोराच्या बाजूला. वारा आग्नेयेचा, मग थेट दक्षिणेचा, सगळं पाणी सरळ आत. पूर्व की पश्चिम, हे चार दिवस आधी कुणीच सांगू शकत नाही. तिथे नीट बांधायला दोन माणसांचा पूर्ण दिवस जातो, आणि मी एकटा आहे. तू इथे असतास तर कदाचित मी अजूनही डळमळलो असतो.

कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटाचा दाखला तू मुद्दामच दिलास, मला कळलं. 1955 च्या जॅनेटनंतर तिथे मोठं वादळ आलं नव्हतं, लोक तो भाग सुरक्षित धरून चालले होते, आणि 7 सप्टेंबर 2004 ला आयव्हनने यार्डात ठेवलेल्या नौका ओळीने आडव्या केल्या. बरोबर आहे. म्हणूनच डोलकाठी उतरवतोय. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. 50 नॉटला उभी राहणारी नौका 100 नॉटला डोलकाठीसकट टेकूंवर उभी राहील यावर माझा विश्वास नाही, आणि शेजारची पडली तरी ती आपल्यावरच पडणार. टेकूंखाली जाड प्लायवूड घालतोय, म्हणजे पावसाने जमीन भुसभुशीत झाली तरी पाय रुतणार नाहीत. समोरासमोरचे टेकू साखळीने एकमेकांना बांधायचे, आणि जमिनीत पिळून बसवलेल्या नांगरांना पट्ट्यांनी नौका खाली आवळायची. यार्डाची जमीन भरतीच्या रेषेपासून 4 मीटर उंच आहे, ते मी आज स्वतः मोजून खात्री करून घेतलं. उधाण अंदाजापेक्षा मीटरभर जास्त आलं तर पाणी त्या जमिनीला लागेल, आणि त्याहून बरंच वर चढलं तर मात्र ती टेकूंवरून तरंगेल. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

एक गोष्ट तू हळूच बोलून गेलास, ती मला झोंबली. "मी असतो तर रात्रभर तिच्यावर थांबलो असतो." नको रे असं म्हणूस. त्या वाऱ्यात डोळे उघडत नाहीत, सरपटत पुढच्या टोकाला पोचलास तरी टनावारी ताण असलेल्या दोराला हात लावता येत नाही. मध्ये वादळाचा डोळा, म्हणजे त्याचा मधला भाग, आला की सगळं शांत होतं, माणसं दोर नीट करायला बाहेर पडतात, आणि मग वारा उलट दिशेने सुरू होतो. ती आपली लाडकी आहे, पण तिच्यासाठी तुला त्या खाडीत पाठवायला मी कधीच तयार झालो नसतो. मीही थांबणार नाही. घरी तसा शब्द दिलाय.

शिडं आज संध्याकाळीच काढली. पुढचं गुंडाळीचं शीड नुसतं आवळून बांधावं असा मोह झाला होता, पण त्याचा एक कोपरा सुटला तरी पुरतो, म्हणून तेही उतरवलं. एकट्याने घडी घालताना तासभर गेला. सौर पॅनल, छत, डिंगी, सगळं गॅरेजमध्ये आहे. चारी बाजूंचे फोटो काढलेत, विम्याची कागदं माझ्याजवळ आहेत. तू दिलेलं होकायंत्र मी घरी आणलंय, ते कपाटात आहे. कॉकपिटच्या, म्हणजे सुकाणूजवळच्या खोलगट जागेच्या, मोऱ्या उद्या ती वर चढल्यावर पुन्हा साफ करीन. पाऊस आत साठला तर टेकूंवरचं वजन वाढेल.

क्रेन सकाळी 7 ला. त्याआधी पहाटे 5 चं बुलेटिन बघेन, पण त्यात काहीही असलं तरी निर्णय बदलणार नाही. वादळानंतर चार-पाच दिवस फोन लागला नाही तर घाबरू नकोस; टॉवर आधी पडतात. लागला की पहिला फोन तुलाच करीन. आणि पुढच्या महिन्यात सुट्टी मिळाली तर ये. डोलकाठी उभी करायला मला दुसरा माणूस लागणारच आहे.

तुझाच,
मित्र