मंद्यास पत्र : कॅम्पर बनवूया, पण आधी वजनाचं बघू

प्रिय मंद्या,

तुझं ड्रॉइंग बघितलं आणि खूप आनंद झाला रे, इतकी वर्षं आपण नुसतं बोलतोय की गाडीमागे आपली स्वतःची झोपायची खोली जोडायची आणि निघायचं, शेवटी तू ते कागदावर उतरवलंस. पण त्यात उभं राहता येईल एवढी उंची, आत सिंक, टॉयलेट, शिवाय ८० लिटरची टाकी असं सगळंच घातलंयस, आणि ८० लिटर म्हणजे नुसत्या पाण्याचेच ८० किलो झाले ना.

माझं म्हणणं एवढंच आहे की पैसे वाचवायचेत तर आधी वजन वाचव. ट्रेलर जड झाला की ॲक्सल (चाकांचा आस) दणकट लागतो, टायर मोठे लागतात, ट्रेलरला वेगळे ब्रेक लागतात आणि एवढं करून शेवटी ओढायला गाडीच दुसरी घ्यावी लागते. रिकामा ३०० किलोच्या आत बसवायचा असं पक्कं ठरवून टाकू आणि प्रत्येक वस्तू ड्रॉइंगमध्ये घालायच्या आधी तिचं वजन समोर लिहू. १९३० च्या दशकात अमेरिकेत लोक घरच्या घरी टिअरड्रॉप, म्हणजे थेंबाच्या आकाराचे छोटे ट्रेलर, बनवायला लागले, मला अजूनही तोच आकार सगळ्यात शहाणा वाटतो. आत फक्त गादी, आणि किचन मागचं झाकण उचलून बाहेर उभं राहून वापरायचं. उंची गाडीच्या टपाएवढीच राहते त्यामुळे हवेचा मार कमी, आणि हायवेला ते फार जाणवतं कारण स्पीड दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो.

साइज प्लायच्या शीटवरून ठरव. शीट ८ बाय ४ फुटांची मिळते, म्हणजे लांबी ८, उंची ४ धरलीस तर एका बाजूची भिंत एका शीटमधून निघते, जोड नाही आणि वायाही फार जात नाही. रुंदी ५ फूट ठेव, दोघं आरामात झोपतील.

आता भिंती, इथे खरा फायदा आहे. तू १८ एमएम प्लाय लिहिलंयस, त्याची एक शीट साधारण ३२ किलो भरते, दोन भिंतींचेच ६४ झाले. त्याऐवजी सँडविच कर, मध्ये २५ एमएमचा एक्सपीएस फोम (थर्माकोलसारखाच, पण घट्ट), त्याच्या कडेने आणि दरवाजाभोवती लाकडाच्या पट्ट्या, आणि दोन्हीकडून ३ एमएम प्लाय चिकटवायचा. फोमची अख्खी शीट अडीच किलोच्या आसपास असते, त्यामुळे एक भिंत १६-१७ किलोत होते, म्हणजे वजन निम्मं, वर जाडी वाढल्यामुळे ताठपणा चांगला येतो आणि उष्णता-थंडी अडते ते वेगळंच. बिजागऱ्या, हँडल, जिथे जिथे स्क्रू लागणार तिथे आत लाकूड हवंच, फोममध्ये स्क्रू धरत नाही. आणि हे लक्षात ठेव, पॉलिस्टर रेझिन किंवा सॉल्व्हंटवाला चिकट गम या फोमला लावायचा नाही, फोम विरघळून खड्डा पडतो, एपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गम) चालतं. छताला तर प्लायही नको असं माझं मत आहे, फोमवर वॉटरप्रूफ वुड ग्लू फासायचा, वर कॅनव्हास पसरायचा, परत ग्लू ओतायचा आणि पट्टीने मधून कडेकडे दाबत न्यायचं, एकेक बुडबुडा बाहेर निघेपर्यंत, कारण जिथे हवा राहील तिथेच कापड पुढे सुटतं. वाळलं की बाहेरच्या भिंतीचा पेंट, दोन-तीन हात.

पाण्याची मात्र मला खरंच काळजी वाटते. असले ट्रेलर मोडून पडत नाहीत रे, कुजतात. प्लायची प्रत्येक कापलेली कड एपॉक्सीने बंद कर, खिडकी-व्हेंटच्या खाली ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) लाव, सिलिकॉन नको, त्यावर नंतर ना पेंट बसत ना दुसरं काही.

पैसे कुठे सोडायचे तर चॅसिस (खालचा सांगाडा), ॲक्सल, बेअरिंग, टायर आणि हिच, म्हणजे गाडीमागे ट्रेलर जोडायचा हुक. तिथे काटकसर करायची नाही, वेल्डिंगही हात बसलेल्या माणसाकडूनच. सेफ्टी चेन हिचखाली क्रॉस करून लावायच्या, म्हणजे कपलर (ट्रेलरचं हिचवर बसणारं तोंड) सुटला तरी ट्रेलरची पुढची दांडी रस्त्यावर न आपटता चेनवर झेलली जाते.

बॅलन्सचं पण आताच ठरवावं लागेल, कारण किचन मागे आलं की वजन मागे जातं, आणि हिचवरचा भार कमी पडला तर ट्रेलर स्पीडला डोलायला लागतो, ते फार भयानक असतं. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर धरतात, म्हणजे सामानासकट ४०० किलो असेल तर ४० ते ६०. मोजायचं सोपं आहे, हिचच्या उंचीएवढा लाकडी ठोकळा घरातल्या वजनकाट्यावर ठेवायचा आणि कपलर त्यावर टेकवायचा. हिचवर एवढा भार यावा म्हणून बॅटरी आणि टाकी ॲक्सलच्या पुढे घे, टाकी २० लिटरची पुरे. बॅटरी लिथियमची महाग वाटेल पण १०० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे वीज साठवायची क्षमता) १२-१३ किलोत येते, लेडची तेवढीच जवळपास ३० किलो असते आणि तिच्यातली निम्मीच वीज वापरायची. नुसते दिवे, फॅन आणि फोन चार्जिंग असेल तर याहून छोटीही चालेल.

व्हेंट छताला एक आणि खाली एक हवाच, दोघं रात्रभर श्वास सोडणार, सकाळी भिंतींवर पाणी. शेगडी कितीही पाऊस असला तरी आत पेटवायची नाही, कार्बन मोनॉक्साइडचा वाससुद्धा येत नाही, एक अलार्म लाव.

आता तू एवढं कर, गाडीच्या मॅन्युअलमध्ये ब्रेक नसलेला ट्रेलर किती किलोपर्यंत ओढायला चालतो आणि हिचवर भार किती चालतो हे दोन आकडे बघून मला पाठव, आणि तुमच्याकडे घरी बनवलेल्या ट्रेलरच्या रजिस्ट्रेशनला काय काय लागतं तेही विचारून ठेव. ते आले की मी चॅसिसचं ड्रॉइंग काढायला घेतो, तोपर्यंत प्लाय कापू नकोस.

तुझा,
बाळ्या