शेवटच्या पंगतीची आमटी

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तीस वर्षं हॉटेलात काढलीस, शिकलास काय?" तेव्हा ऑर्डरी लागल्या होत्या, धड बोलता आलं नाही. आज सुट्टी आहे, म्हणून लिहितोय.

दादरच्या केटरिंग कॉलेजात आम्हाला एस्कॉफिएबद्दल शिकवायचे. १८४६ साली जन्मलेला हा फ्रेंच आचारी. भट्टीच्या धगीत कामगार दारूकडे वळायचे, म्हणून त्याने किचनमध्ये त्यांच्यासाठी जवाचं पेय ठेवायला लावलं. आरडाओरडा त्याला खपत नसे. परीक्षेत हे लिहून मी गुण मिळवले आणि पहिल्याच नोकरीत विसरलो. तिथे मोठे शेफ झारा फेकून मारायचे. मला वाटलं, किचन असंच चालतं. पुढे माझ्या हाताखाली माणसं आली, तेव्हा मीही तसाच ओरडायला लागलो.

एका शनिवारी रात्री कढईचा कान निसटला आणि उकळतं तेल एका पोराच्या मनगटावर सांडलं. त्याला दवाखान्यात नेताना कळलं, कान चार दिवस सैल होता. सगळ्यांना माहीत होतं, फक्त मला नाही. मला सांगायला कुणी धजलंच नव्हतं. त्या पोराचं मनगट मी आजही विसरलेलो नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली आणि आवाज खाली आणला. सवय मोडायला वर्ष गेलं.

आता पोरं येऊन सांगतात, "शेफ, ही ग्रेव्ही दुपारपासून बाहेर राहिलीय." ५ ते ६० अंशांच्या मध्ये अन्न तासन्‌तास राहिलं की जंतू वाढतात, चव मात्र तशीच लागू शकते. ते पातेलं ओतून देताना जीव हळहळतो. पण त्याने सांगितलं याचं मला फार मोल वाटतं. त्याच्यामुळे कुणाचं तरी लेकरू आजारी पडायचं वाचलं.

आई, बाकीचं तुझ्याकडूनच आलंय. गणपतीत भजनाच्या रात्री पहिली पंगत बसली, की तू आमटीचा एक टोप झाकून आत सरकवायचीस. शेवटच्या पंगतीला पाणी घातलेली आमटी जायची नाही. आमच्याकडे रात्री अकराला आलेल्या टेबलाची डाळ मी स्वतः चाखतो. आणि पोरं पूर्वी उभ्याउभ्या उरलंसुरलं खायची, ती आता साडेपाचला बसून जेवतात. त्यांच्यासाठी वेगळं शिजतं.

मार्च २०२० मध्ये शटर खाली आलं, तेव्हा गढवालची आणि ओडिशाची चौदा पोरं खोलीवर अडकली होती. कोठारातला तांदूळ-डाळ मालकांना विचारून आम्ही त्यांच्यासाठीच ठेवला, दोन वेळा रांधलं. पुढे गाड्या सुरू झाल्या तशी ती गावी गेली. ५ ऑक्टोबरला निम्म्या टेबलांवर हॉटेलं उघडली आणि त्यातली अकरा जणं परत आली. बाबा, माझ्या कामाचं याहून मोठं प्रशस्तिपत्र मला मिळालेलं नाही.

यंदा गणपतीला दोन दिवस आधी येतोय. बाबा, नारळ सोलत बसू नका, मी आल्यावर सोलीन. आणि आई, तू कायम सगळ्यांच्या मागून जेवलीस. भजनाच्या रात्री पहिल्या पंगतीला बस. वाढायला मी आहे.

तुमचा,
बाळू